आमची शेजारीण सापसुरळी

प्राण्यांविषयीं लिहावयास बसलें म्हणजे लेखणी सहजच सिंहाकडे, हत्तीकडे किंवा निदान मोराकडे तरी वळते. शाळेच्या निबंधांच्या वह्यांतून गाय, घोडा आणि उंट ह्यांनीं तर पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडलेलें आहे. परंतु ज्या प्राण्याशीं आपली रोज गांठ पडते, जो आपल्याच परसांत जन्मतो, वाढतो आणि मरतो, त्याची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाहीं. असाच एक उपेक्षित जीव म्हणजे सापसुरळी. आज तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. ती थोर नाहीं. सुंदर म्हणावी तर त्याविषयीं मतभेद होईल. आणि उपयुक्त म्हणावी तर तिचा उपयोग बाजारांत तागडीनें मोजतां येत नाहीं. तरीपण तिच्या घराचा प्रश्न आणि आपल्या घराचा प्रश्न हे दोन्ही एकाच भिंतीपाशीं येऊन भिडले आहेत, म्हणून हा प्रपंच.

आमचें मूळ गांव चारठाणा. परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत, जिंतुराहून जालन्याकडे जाणाऱ्या वाटेवर तें लागतें. बाहेरगांवच्या वाचकांस तें ठाऊक असलेंच तर तेथील जुन्या देवळांमुळें. गोकुळेश्वराचें देऊळ, पायऱ्यापायऱ्यांनीं खोल उतरत गेलेली बारव आणि मान वर करून पाहावा लागणारा तो उंच कोरीव स्तंभ पाहण्यास इतिहासाचे अभ्यासक दूरदुरून येतात. ह्या बांधणीस लोक हेमाडपंती म्हणतात. यादवांचा प्रधान हेमाद्री हा तेराव्या शतकांतला. त्याच्या नांवावर चढलेलीं सर्वच देवळें त्यानें बांधलीं असें नव्हे. परंतु नांव रूढ झालें तें झालें. त्या बांधणीची एक खूण मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. काळ्या दगडाचे घडीव चिरे चुन्यावांचून एकावर एक बसविलेले असतात. अभ्यासक त्या चिऱ्यांवरील नक्षी पाहतात. आम्ही आज त्या चिऱ्यांमधील फटी पाहणार आहों. कारण शेंकडों वर्षें ज्या फटींत चुना शिरला नाहीं, तींत दुसरें कोणीतरी सुखानें राहावयास गेलेलें आहे.

हें बिऱ्हाड कोणाचें तें पाहावयाचें असल्यास सकाळीं ऊन जरा तापूं लागलें म्हणजे बारवेच्या वरच्या पायरीवर मुकाट्यानें बसून राहावें. थोड्या वेळानें एखाद्या फटींतून एक निमुळतें डोकें बाहेर येतें, इकडेतिकडे पाहतें, आणि मग तांब्याच्या भांड्यासारख्या चकाकणाऱ्या अंगाची एक लहानशी मूर्ति दगडावर येऊन पसरते. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत तिची लांबी वीतभर, बहुधा त्याहूनहि कमीच. पाठ तपकिरी, कुशी काळपट व त्यांवर पांढरे ठिपके, पोट फिकट. चार पाय आहेत, पण इतके आंखूड कीं ती धावूं लागली म्हणजे पाय दिसत नाहींत, अंगच काय तें वळवळत पुढें सरकल्यासारखें वाटतें. ही झाली धाकटी सापसुरळी. शेताच्या बांधावर आणि दगडी कुंपणांत हिची थोरली बहीणहि भेटते. ती अंगानें भरदार असून वीतभराहून बरीच लांब असते व तिच्या पाठीच्या दोन्ही कडांनीं एकएक फिकट रेघ गेलेली असते.

ह्या दोघी बहिणींस शास्त्रीय नांवें मिळालीं त्याची हकीकत मौजेची आहे. थोरलीचें वर्णन योहान श्नायडर नांवाच्या जर्मन पंडितानें १८०१ सालीं केलें. हा गृहस्थ मूळचा ग्रीक भाषेचा गाढा व्यासंगी व कोशकार. परंतु ग्रीक ग्रंथांइतकेंच सरपटणाऱ्या जीवांवरहि त्याचें प्रेम होतें. धाकटीस १८५३ सालीं एडवर्ड ब्लाइथ ह्यांनीं नांव दिलें. ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अधिकारी होते. आजच्या शास्त्रांत थोरलीस 'युट्रोपिस कॅरिनाटा' व धाकटीस 'युट्रोपिस मॅक्युलेरिया' म्हणतात. लॅटिन भाषेंत पहिल्या विशेषणाचा अर्थ कंगोरेदार असा, आणि दुसऱ्याचा ठिपकेदार असा आहे. खवल्यांवरील बारीक कंगोरे आणि कुशींवरील ठिपके पाहून पंडितांनीं हीं नांवें ठेविलीं. आमच्या गांवकऱ्यांनीं मात्र तिला जें नांव ठेविलें आहे, त्यानें तिचा घात केला. तें नांव म्हणजे 'सापाची मावशी'.

मावशी हें नातें मराठींत किती गोड आहे! परंतु सापाच्या नात्यांत तें जाऊन बसलें आणि विषारी झालें. सापसुरळी दिसली कीं बायका 'अगबाई' म्हणून मागें सरतात, पुरुष काठी शोधतात आणि मुलें दगड उचलतात. ती चावली तर माणूस पाणी मागत नाहीं, असें सांगणारीं शहाणीं माणसें आम्हांस चारठाण्यांतच नव्हे, पुण्यामुंबईसहि भेटलीं आहेत. हा समज केवळ आपल्याच मुलखांतला नव्हे. केरळांत हिला अरणा म्हणतात. तेथील लोकांच्या मतें अरणेचा दंश म्हणजे तत्काळ मरण. परंतु ती इतकी विसरभोळी असते कीं चावावयास निघाली तरी वाटेंतच काम विसरून जाते! मरण तर कोणास आल्याचें दिसत नाहीं, आणि समजूत तर सोडवत नाहीं. अशा अडचणींतून लोकांनीं काढलेली ही तोड फार सुरेख आहे.

खरी गोष्ट अशी कीं, हिच्या मुखांत विष नाहीं, विषाची पिशवी नाहीं आणि विषाचे दांतहि नाहींत. भारतांत आढळणाऱ्या कोणत्याहि सापसुरळीच्या, पालीच्या किंवा सरड्याच्या दंशानें माणूस दगावत नाहीं. हातांत घट्ट धरली तर ती भीतीनें चिमटा काढील, इतकेंच. सापाशीं तिचें जें साम्य दिसतें तें वरवरचें आहे. आणि तें ओळखण्यास चष्म्याची गरज नाहीं. सापास पापण्या नसतात, हिला असतात. सापास बाहेरून कान दिसत नाहींत, हिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस कानांचीं भोकें स्पष्ट दिसतात. आणि पाय तर आहेतच.

एके वर्षीं मे महिन्याच्या सुटींत आमच्या गल्लींतील तीनचार मुलें न्हाणीच्या मागें अशाच एका मावशीस घेरून उभीं होतीं. सर्वांच्या हातीं दगड होते. आम्हीं त्यांस म्हटलें, "मारावयाचेंच असेल तर मारा, पण आधीं ती डोळे मिटते कीं नाहीं तेवढें पाहा." हें कांहीं विचित्रच काम सांगितलें असें त्यांस वाटलें असावें, परंतु मुलेंच तीं, उकिडवीं बसून पाहूं लागलीं. एक मिनिट गेलें, दोन गेलीं. इतक्यांत त्यांतला सर्वांत धाकटा आनंदानें ओरडला, "मिटले! दादा, तिनें डोळे मिटले!" त्या ओरडण्यानें सापसुरळी तर पसार झालीच, पण दगडहि कोणी फेंकला नाहीं. ज्याचे डोळे आपण मिटतांना पाहिले त्याच्यावर दगड टाकणें मनुष्यास जड जातें, हें आम्हांस त्या दिवशीं दिसून आलें. भीति घालविण्यास व्याख्यानापेक्षां दोन मिनिटांचें निरीक्षण अधिक उपयोगीं पडतें.

आतां तिच्या घराकडे वळूं. कोणी म्हणेल, एवढ्याशा जीवास घर तें कसलें? परंतु आम्हीं जसजसें पाहत गेलों तसतसें आमच्या ध्यानीं आलें कीं हिच्या गरजा थोड्या असल्या तरी मोठ्या काटेकोर आहेत. सापसुरळीचें रक्त आपल्यासारखें आपोआप ऊन राहत नाहीं. सकाळीं तिला उन्हाची ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि दुपारीं तेंच ऊन चुकवावें लागतें. म्हणून तिला उघडा दगड पाहिजे आणि त्या दगडापासून एका उडींत गांठतां येईल अशी गार फटहि पाहिजे. किडे मिळावे म्हणून वाळलेला पाला पाहिजे. अंडीं घालण्यास भुसभुशीत व किंचित ओलसर माती पाहिजे. आणि वरून येणाऱ्या पक्ष्याची नजर चुकविण्यास गवताचा किंवा वेलीचा आडोसा पाहिजे. ह्या पांच गोष्टी दहा पावलांच्या आंत एकत्र असतील तरच तिचा संसार थाटतो. त्यांतील एक नाहींशी झाली तर बाकीच्या चारांचा तिला फारसा उपयोग होत नाहीं.

आमच्या चारठाण्याच्या जुन्या घराच्या परसांत ह्या पांचहि गोष्टी कोणी न योजितां जमून आल्या होत्या. घर माळवदाचें, मागें आड, आडाशेजारीं न्हाणी, न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेलीं केळीचीं झाडें व अळू, पलीकडे शेवगा, आणि ह्या सर्वांभोंवतीं चुन्यावांचून रचलेली दगडांची भिंत. दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटींत आम्ही तेथें जात असूं, आणि इतर मंडळी पत्ते खेळत असतां आम्ही ओसरीच्या मागच्या दारांत बसून ह्या भिंतीच्या रहिवाशांचा दिनक्रम पाहत असूं. मे महिन्यांत सूर्य जरा वर आला कीं त्या बाहेर पडत, आणि दुपार तापावयाच्या आंतच दिसेनाशा होत. परभणीकडचा उन्हाळा ज्यांनीं भोगिला आहे त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. त्या उन्हांत माणूसहि दारें लावून पडतो. तिसऱ्या प्रहरीं सावल्या लांबल्या म्हणजे त्या पुन्हां एकदां फेरी काढीत. दिवाळीच्या दिवसांत हेंच वेळापत्रक उलटें होई. सकाळीं गारठ्यांत कोणी दिसत नसे, आणि ऐन दुपारीं भिंतीवर मेळावा भरे. आम्हां माणसांस घड्याळ पाहून उठावें लागतें. ह्यांस दगडाची ऊब सांगेल तेव्हां उठावयाचें.

भिंतीवांचून शेतांत राहणाऱ्या सापसुरळ्यांस काळ्या मातीचा आसरा असतो. आमच्याकडील ही माती उन्हाळ्यांत उलते, आणि तिला हात हात खोल भेगा पडतात. शेतकऱ्यास ती भेग म्हणजे पावसाची हांक. सापसुरळीस ती तळघराची वाट. पहिल्या पावसानें भेगा बुजल्या कीं त्या बांधाकडे, कुंपणाकडे सरकतात. विणीच्या दिवसांत नराच्या कुशीवर लालसर रंग चढतो. तेवढ्या दिवसांपुरता तो खरोखरच नटल्यासारखा दिसतो. मादी पाल्याखालच्या मातींत थोडींशीं पांढरीं अंडीं घालते. श्रावणभाद्रपदांत आगपेटीच्या काडीहून फारशीं मोठीं नसलेलीं पोरें केळीच्या बुडाशीं धावतांना आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांस कोणी शिकविलेलें नसतें, तरी पाखराची सावली पडतांच तीं पाल्याखालीं गडप होतात.

आणि सावली पडावयास उशीर तो काय? खंड्या, भारद्वाज, नीलकंठ, शिक्रा हे सर्व तिच्यावर टपलेले असतात. घरची कोंबडी व घरचें मांजर हींहि सोडीत नाहींत. रात्रीं भिंतीच्या फटींतून कवड्या साप फिरतो आणि झोंपलेल्या मावशीसच भाचा गिळून टाकतो; मग हें नातें लोकांनीं कोठून काढलें कोण जाणे! इतक्या शत्रूंपुढें तिच्याजवळ शस्त्र म्हणाल तर एकच, आणि तेंहि स्वतःचें अंग तोडून देण्याचें. शत्रूनें शेपटी पकडली कीं ती शेपटी टाकून देते. तिच्या शेपटीच्या मणक्यांतच तुटावयाच्या जागा जन्मतः असतात. स्नायु आंवळले कीं तेथून शेपटी सुटते आणि रक्तहि फारसें जात नाहीं. तुटलेली शेपटी कांहीं वेळ तडफडत राहते. शत्रु तिच्याकडे पाहतो तोंवर मालकीण फटींत पोंचलेली असते. पुढें नवी शेपटी येते, परंतु तींत पूर्वीचे मणके नसतात, नुसती कूर्चेची कांडी असते. शिवाय शेपटींत तिनें चरबीचा सांठा करून ठेविलेला असतो. ती गेली म्हणजे गांठीस बांधलेली शिदोरीच गेली. म्हणून, गंमत म्हणून सापसुरळीची शेपटी तोडणाऱ्या मुलानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं आपण तिच्या हिंवाळ्याची बेगमी लुटीत आहों.

तिचें स्वतःचें खाणें म्हणजे रातकिडे, नाकतोडे, झुरळें, कोळी आणि मातींतल्या अळ्या. आमच्या आजीच्या अळवाचीं पानें भोंके न पडतां आमच्या पानांत येत, त्यांत ह्या भिंतीवरच्या मंडळींचा वांटा होता असें आम्ही समजतों. त्यांनीं त्याचा मोबदला कधीं मागितला नाहीं.

अशा त्या भिंतीवर एके वर्षीं संकट आलें. पावसाळ्यांत सतत झड लागून तिचा मोठा भाग ढांसळला. आमच्या थोरल्या काकांनीं तेथें सिमेंटाची सरळ भिंत घालावी, परसांत फरशी बसवावी आणि पडलेले दगड गाडींत भरून बाहेर टाकावे, असा बेत केला. बेत शहाणपणाचा होता. त्यास नांवें ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. आम्हीं मात्र दगड परसांतच ठेवण्याविषयीं शब्द टाकला. काका हंसून म्हणाले, "अरे, ढीग ठेवला तर त्यांत विंचू होतील. एखाद्या दिवशीं नाग निघेल. मग तुझ्या सापसुरळीचें कौतुक कोण करील?"

काकांचें म्हणणें खोटें नव्हतें. आमच्या भागांत विंचूहि आहेत आणि नाग, मण्यार, घोणसहि आहेत. आणि सापसुरळीस जी फट आवडते ती त्यांसहि आवडते. मुक्या जीवाची दया करावी, पण घरांतल्या लेंकरांस धोक्यांत घालून करूं नये. म्हणून आम्हीं म्हटलें, "काका, ढीग दाराशीं नको. आडापलीकडे, शेवग्याच्या बुडाशीं ठेवूं. तिकडे रात्रीं कोणी जात नाहीं. मुलांनाहि सांगूं कीं त्यांत हात घालावयाचा नाहीं." काका विचारांत पडले. तेवढ्यांत आजी ओसरीवरून म्हणाली, "ठेव रे बाबा तेवढे दगड. तुझी भिंत उद्यां पडली म्हणजे दगड काय विकत आणशील?" आजीस सापसुरळीची पर्वा नव्हती, तिला दगडांची होती. परंतु तिच्या एका वाक्यानें जें झालें तें आमच्या सर्व युक्तिवादानें झालें नसतें. दगड शेवग्याखालीं गेले. फरशीहि अर्ध्याच परसांत बसली. अळवाचा वाफा व केळी राहिल्या.

पुढल्या वर्षीं दिवाळींत आम्हीं नव्या भिंतीकडे दुपारभर पाहिलें. ती गुळगुळीत होती, स्वच्छ होती आणि रिकामी होती. एक पाल तेवढी कोपऱ्यांत बसली होती. शेवग्याखालच्या ढिगावर मात्र तीन सापसुरळ्या ऊन खात होत्या. त्यांपैकीं एकीची शेपटी नुकती फुटूं लागलेली होती. एवढ्यावरून मोठा सिद्धान्त काढावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घर कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें त्या तिघींनीं आम्हांस पुरतें सांगितलें.

येथें कोणी विचारील कीं, सापसुरळ्या गल्लोगल्लीं आहेत. दोनचार कमी झाल्या तर काय बिघडलें? ह्यास उत्तर म्हणून दूरच्या एका बेटाची गोष्ट सांगतों. हिंदी महासागरांत, जावा बेटाच्या दक्षिणेस, क्रिसमस नांवाचें लहानसें बेट आहे. तें ऑस्ट्रेलियाच्या ताब्यांत आहे. त्या बेटावर रानांत राहणारी एक सापसुरळी होती. जगांत दुसरीकडे ती कोठेंच नव्हती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतहि ती तेथें इतकी विपुल होती कीं तिची काळजी करावी असें कोणाच्या स्वप्नींहि आलें नाहीं. मग ती भराभर कमी होऊं लागली. तज्ज्ञांचा मुख्य संशय १९८० नंतरच्या दशकांत बाहेरून तेथें येऊन पोंचलेल्या एका सापावर आहे, आणि तो साप आपल्या कवड्याचाच जवळचा भाऊबंद होय. शोध सुरू झाला तेव्हां फार उशीर झाला होता. पकडून जतन केलेल्यांपैकीं शेवटची मादी उरली. तिचें नांव गंप ठेविलें होतें. ३१ मे २०१४ रोजीं ती मेली, आणि २०१७ सालीं ती जात पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. आमच्या कवड्याचें आणि आमच्या सापसुरळीचें वैर पुरातन आहे. दोघांनींहि एकमेकांचे डावपेंच ओळखून संसार केला आहे. त्या बेटावरील बिचारीस तो सराव नव्हता. 'पुष्कळ आहेत' हे शब्द म्हणजे 'नेहमीं राहतील' असें वचन नव्हे, हाच त्या गोष्टीचा बोध.

आपल्याकडील सापसुरळीवर असें संकट आज आलेलें नाहीं. ती अद्याप देशभर आढळते. परंतु तिच्या त्या पांच गरजांकडे पाहिलें तर आपल्या गांवांतून त्या एकएक करून कशा उठून चालल्या आहेत तें ध्यानीं येईल. मातीच्या व दगडाच्या घरांजागीं सिमेंटाचीं घरें झालीं. तीं सुखाचीं आहेत आणि गरिबालाहि पक्कें घर मिळावें हें योग्यच आहे. परंतु घराबरोबर अंगणहि सिमेंटाचें झालें. बांधावरचें गवत जाळून टाकण्याची वहिवाट पडली. पाला गोळा करून पेटविणें म्हणजेच स्वच्छता, असा समज झाला. कपाशीवर व सोयाबिनावर औषधांच्या फवारण्या होऊं लागल्या. त्यांनीं किडे मेले, आणि किड्यांवर जगणाऱ्यांचें ताट रिकामें झालें. जुन्या देवळांची आणि बारवांची साफसफाई होऊं लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. शेंकडों वर्षांचें ते दगड गाळांत व झुडपांत बुडून राहावे असें कोण म्हणेल? भिंत फोडणारीं पिंपळाचीं मुळें काढावींच लागतात. आमचें मागणें एवढेंच कीं, जेथें चिरा ढिला झालेला नाहीं तेथें केवळ नीटनेटकें दिसावें म्हणून फटी सिमेंटानें लिंपूं नयेत. ज्यांनीं तें काम बांधलें त्यांनीं त्या तशाच ठेविल्या होत्या, आणि तरीहि तें काम आजवर उभें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांचें घर शहरांत असेल. परस नसेल, आड नसेल. तरी शाळेच्या आवाराचा एखादा कोपरा, बागेच्या मागची कुंपणाची कड, घरामागची हातभर जमीन कोठेंतरी असेलच. तेथें चार दगड एकावर एक ठेवा. त्यांवर थोडें ऊन पडूं द्या. बाजूस थोडा वाळला पाला राहूं द्या, आणि आठवड्यांतून एकदां त्यावर तांब्याभर पाणी शिंपडा. दाराजवळ व मुलांच्या खेळण्याच्या जागीं मात्र हा ढीग करूं नका, आणि दगड उचलतांना खालीं काय आहे तें आधीं काठीनें पाहा. मग वाट पाहा. ऑस्ट्रेलियांतील शहरांतून मुलें आपल्या बागेंतल्या सापसुरळ्या अशाच पाहतात. सिडनीच्या मुलास जें साधतें तें जिंतुराच्या मुलास न साधावयास काय झालें? एक वही करा. कोणत्या महिन्यांत ती किती वाजतां बाहेर येते, काय खाते, पाऊस पडला म्हणजे कोठें जाते, हें टिपून ठेवा. थोरामोठ्यांच्या ग्रंथांत जें नाहीं तें कदाचित्‌ तुमच्या वहींत सांपडेल. कारण चारठाण्याच्या, जिंतुराच्या, मंठ्याच्या परसांत रोज काय चालतें हें पाहावयास कलकत्त्याहून कोणी येणार नाहीं.

आणि पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलानें सापसुरळी दाखविली तर 'मार तिला' असें म्हणूं नका, आणि 'पळ तेथून' असेंहि म्हणूं नका. त्यास दोन पावलें मागें उभें करा आणि ती डोळे केव्हां मिटते तें पाहावयास सांगा. सापाला व हिला कसें वेगळें ओळखावें हें ज्या मुलास कळलें, तें खऱ्या सापापासूनहि अधिक सावध राहील. कारण सगळ्याचीच भीति बाळगणाऱ्यास कशाची भीति बाळगावी हें कधींच नीट उमगत नाहीं. मावशी म्हणावयाचेंच असेल तर खुशाल म्हणा. मात्र मावशीस जसें घरीं आल्यावर बसावयास जागा देतों, तशी हिलाहि परसाच्या एका कोपऱ्यांत चार दगडांची जागा राहूं द्या.